माळवदाच्या कुजलेल्या किलचा आणि कड्या : खराब तेवढ्याच बदलता येतात का?

बाळीवेस_आतलं_घर | ८ मार्च, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. आमचं घर सोलापुरात, बाळीवेशीच्या आतल्या गल्लीत. पणजोबांच्या वेळचं आहे. पुढं सोपा, मागं माजघर आणि देवघर. माजघरावर कडीपाट आहे, म्हणजे कड्यांवर खिळ्यांनी ठोकलेल्या सागवानी फळ्या. देवघरावर जुन्या पद्धतीचं माळवद: तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर आडव्या किलचा, त्यावर लिंबाचा पाला आणि वर फूटभर पांढरी माती. आमच्याकडं किलचा म्हणतात, काही गावांत चिपाही म्हणतात. हाताएवढ्या लांबीच्या फोडलेल्या लाकडाच्या पट्ट्या.

संक्रांतीच्या आधी, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, पाहुणे येणार म्हणून घर झाडत होतो. देवघराच्या कोपऱ्यात माती गळताना दिसली. वर झाडूचा दांडा टेकवला तर एक किलच सुटून हातात आली आणि चुरली. मोजल्या, तर तीसेक किलचा गेल्यात. दोन कड्या भिंतीत शिरतात तिथं मऊ लागतायत. माजघराच्या कडीपाटातली एक फळीही त्याच बाजूला काळी पडलीय. बाकी सगळं लाकूड ठणठणीत आहे.

दोन मिस्त्री बोलावले. पहिले म्हणाले, सगळं उतरवा, स्लॅब टाका. दुसरे म्हणाले, खालून प्लायवूड ठोकून झाकून देतो, दिसणार नाही. मला दोन्ही पटत नाही. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री असताना याच माळवदाखाली आई दुपारी पंख्याशिवाय झोपते. ते पाडायला हात धजत नाही, आणि डोक्यावर कुजकं लाकूड झाकून त्याखाली तिला झोपवणंही जमणार नाही.

तर विचारायचं हे: खराब तेवढंच काढून नवं घालता येतं का? खालून जमतं की वरची माती उघडावी लागते? लाकूड कुठलं घ्यावं? वळवाच्या आधी काम उरकायचंय.

होटगीरोडकर | ८ मार्च, रात्री १०.०५

स्पष्ट सांगतो, स्लॅब टाका. आमचं मोहोळचं माळवद आम्ही अठ्ठ्याण्णव साली उतरवलं. दर वर्षी वरचं गवत काढा, माती चोपा, पाऊस आला की पाटी घेऊन गळतं तिथं पळा. वडील होते तोवर ते सगळं करत, नंतर कुणी करायचं? ही कामं येणारी माणसं उरलेली नाहीत. तुम्ही आज तीस किलचा बदलाल, पुढच्या वर्षी आणखी तीस निघतील.

सुताराची_लेक | ९ मार्च, सकाळी ७.४०

होटगीरोडकर, माणसं कमी झालीत हे खरं, पण संपलेली नाहीत. माझे अप्पा अजून ही कामं करतात. काल रात्री तुमचा प्रश्न त्यांना वाचून दाखवला. ते जे बोलले ते माझ्या शब्दांत लिहिते.

पहिलं काम म्हणजे दाभण घेऊन प्रत्येक कडीला टोचत जा. एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाऊन अडलं तर कडी चांगली. बोटभर आत गेलं तर गेली. भिंतीत शिरणारं टोक आधी तपासा, कारण कडी मधे सहसा कुजत नाही, कुजते ती टोकाला. भिंत ओल धरते आणि तिथं वारा लागत नाही. नुसतं बघून ठरवू नका. धुरानं काळी पडलेली कडी आतून सोन्यासारखी असते, आणि वरून छान दिसणारी पोकळ निघते. हातोडीनं ठोकून आवाजही ऐका. भरीव लाकूड खणखणतं, पोकळ लाकूड बद्द वाजतं.

दुसरं, खालून किलच काढायचा प्रयत्न अजिबात करू नका. किलचांना खिळे नसतात, त्या नुसत्या मांडलेल्या असतात आणि वरच्या मातीच्या वजनानं जागेवर राहतात. एक ओढली की शेजारच्या दोन सरकतात आणि पाटीभर माती डोळ्यांत येते. वरूनच उघडायचं. जेवढं खराब त्याच्या चारही बाजूंनी हातभर जास्त उघडायचं, म्हणजे नवी किलच दोन चांगल्या कड्यांवर टेकते.

तिसरं, माती काढायच्या आधी खालून टेकू द्यायचे. नंतर नाही. आधी.

कडक_भाकरी | ९ मार्च, सकाळी ८.१५

ताई, 'आधी' हा शब्द लई मोलाचा लिहिलात. आमच्या गल्लीत एकानं टेकू न देता कडी कापली. माणूस वाचला, पण देवळीतली समई मातीत गेली ती दोन दिवसांनी सापडली.

निवृत्त_बांधकाम | ९ मार्च, दुपारी १२.३०

टेकू का, त्याचा हिशेब मांडतो. सुक्या चोपलेल्या मातीचं वजन घनफुटाला साधारण पंचेचाळीस किलो धरा. फूटभर थर म्हणजे दर चौरस फुटाला पंचेचाळीस किलो. तुमचं देवघर दहा बाय आठ असेल तर डोक्यावर साडेतीन टनांच्या वर माती आहे, आणि मुरवणीचा पाऊस झाला की ती आणखी जड होते. हे वजन वर्षानुवर्षं कड्या पेलतायत. एक कडी काढली की तिचा वाटा शेजारच्या दोघींवर येतो. म्हणून एका वेळी एकच कडी. तिच्या दोन्ही शेजारणींखाली आडवं लाकूड आणि उभे टेकू, टेकूखाली जाड फळी, नाहीतर शहाबादी फरशी फुटेल.

आता मला उलट विचारायचंय. चांगल्या माळवदाच्या एकाच कोपऱ्यात तीस किलचा उगाच कुजत नाहीत. तिथं पाणी येतंय कुठून? पन्हाळ तिथं आहे का? भिंतीत नळाची पाइपलाइन आहे का? वर काही ठेवलंय का? ते सापडल्याशिवाय नवं लाकूड घालणं म्हणजे होटगीरोडकर म्हणतात तसं पुढच्या वर्षी परत तीस किलचा.

चाटीगल्ली | ९ मार्च, दुपारी ३.१०

वाळवी आहे की नुसती कुज? फरक असा: मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून चढताना दिसल्या तर वाळवी. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुगा असेल तर घुण. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी भेगा पडून चुरत असेल तर ओलीनं झालेली कुज, बुरशीची. तिन्हींचा इलाज वेगळा. कुजीला औषध मारून उपयोग नाही, ओल थांबली की ती थांबते. सुक्या लाकडात बुरशी वाढत नाही.

बाळीवेस_आतलं_घर | ९ मार्च, रात्री ९.४५

सगळ्यांचे आभार. भेगा चौकोनी आहेत, नळ्या नाहीत, भुगा नाही. म्हणजे ओलच. पन्हाळ विरुद्ध बाजूला आहे.

काका, वर काय ठेवलंय हे विचारलंत आणि मी जिन्यावरून वर जाऊन बघून आलो. पाण्याची टाकी आहे, हजार लिटरची. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी मीच बसवली. नेमकी देवघराच्या त्याच कोपऱ्यावर. टाकी भरली की जास्तीचं पाणी जिथं पडतं तिथं हरळी उगवलीय, हिरवीगार. उन्हाळ्यात सगळं माळवद पांढरं आणि तेवढंच हिरवं. रोज बघत होतो आणि डोक्यात आलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

निवृत्त_बांधकाम | ९ मार्च, रात्री १०.०२

आज रात्रीच टाकी रिकामी करा. भरलेली टाकी एक टन असते आणि ती दोन कुजक्या कड्यांवर उभी आहे. तोवर आईंना देवघरात झोपू देऊ नका.

बाळीवेस_आतलं_घर | ९ मार्च, रात्री ११.३०

केली. शेजाऱ्यांना उठवून चार घरांत बादल्या वाटल्या. आईचं अंथरूण सोप्यात हलवलंय.

अटलांटिककाठी | १० मार्च, सकाळी ६.५०

मी मूळची नव्या पेठेतली, गेली बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये. टाकी रिकामी झाल्याचं वाचून जीव भांड्यात पडला.

माजघराच्या कडीपाटातली जी काळी फळी आहे तिच्यासाठी लिहिते. इथं समुद्राकाठच्या घरांच्या भिंतींवर लाकडी कौलं असतात, त्यांना शिंगल म्हणतात. सीडरच्या लाकडाची पातळ, एका टोकाला निमुळती पाती, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढवलेली. दर दोन-चार वर्षांनी काही फुटतात, कुजतात, आणि आमच्या घरी ती बदलायचं काम मी आणि नवरा मिळून करतो. तुमच्यासारखीच अडचण: खराब तेवढंच काढायचं, शेजारच्याला धक्का न लावता.

खालच्या शिंगलचे खिळे वरच्या ओळीखाली झाकलेले असतात. त्यामुळं खराब शिंगल सरळ ओढलं की वरचं चांगलं फाटतं. म्हणून आम्ही ओढत नाही, फोडतो. पटाशी लावून लाकडाच्या रेषेत त्याच्या तीन-चार चिरफळ्या करायच्या आणि एकेक चिरफळी बाहेर काढायची. मग उरतात लपलेले खिळे. ते उपटायचे नाहीत, कापायचे. हॅकसॉचं नुसतं पातं घ्यायचं, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून मूठ करायची, वरच्या ओळीखाली सरकवायचं आणि खिळा कापायचा. वेळ लागतो, पण आजूबाजूचं लाकूड शाबूत राहतं.

नवं शिंगल जागेपेक्षा दोन्ही बाजूंनी साधारण तीन मिलिमीटर कमी रुंद ठेवायचं, कारण पावसात लाकूड फुगतं. जागा न सोडल्यास मधे उठून फुटतं. खालच्या-वरच्या ओळींचे सांधे एका रेषेत येता कामा नयेत, किमान दीड इंच सरकलेले हवेत, नाहीतर पाणी सरळ आत जातं.

आणि आता सगळ्यात सुंदर भाग. नवं शिंगल खालून वर सरकवायचं, पण पूर्ण नाही, पाव इंच खाली लोंबतं ठेवायचं. वरच्या ओळीच्या कडेला अगदी लागून दोन खिळे तिरपे वरच्या दिशेनं ठोकायचे. मग खालच्या कडेला लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्यायचे. शिंगल पाव इंच वर चढतं आणि खिळ्यांची डोकी वरच्या ओळीखाली जाऊन लपतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अर्धा तास नुसती बघत उभी होते. खिळे मात्र गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे. साध्या लोखंडानं सीडरवर काळे ओघळ उतरतात.

तुमच्या फळीला ठोकळ्याची युक्ती लागणार नाही, पण चिरफळ्या आणि पात्यानं खिळे कापणं नक्की लागू पडेल.

कडक_भाकरी | १० मार्च, सकाळी ९.००

लाकडाची कौलं! पाऊस पडल्यावर कुजत नाहीत का ती? आणि आपल्याकडं कुठं असतात का?

चाटीगल्ली | १० मार्च, सकाळी ९.४०

असतात की, हिमाचलात. मनालीचं हिडिंबा मंदिर १५५३ सालचं, त्याची खालची तीन छपरं देवदाराच्या फळ्यांची आहेत. आपल्या उन्हात ती टिकणार नाहीत, वाकून जातील. सोलापूरला माळवदच बरं. पाऊस थोडा, ऊन फार, लाकूड दूरवरून आणायचं म्हणून जपून वापरायचं, आणि माती हवी तेवढी.

अटलांटिककाठी | १० मार्च, सायंकाळी ५.३०

कडक भाकरी, कुजतात, पण सावकाश. सीडरमध्ये कुज थोपवणारा अंश मुळातच असतो. शिवाय उभ्या भिंतीवर पाणी थांबत नाही, मागून वारा लागला की लगेच सुकतं. जिथं झाड घासतं किंवा पन्हाळ गळतं तिथलीच आधी जातात. तुमच्या टाकीसारखंच.

सुताराची_लेक | १० मार्च, रात्री ८.२०

चिरफळ्यांचं वाचून अप्पा खूश झाले. म्हणाले, तिकडचे सुतारही लाकडाच्या रेषेला मानतात म्हणायचे. किलचही करवतीनं कापायची नसते, पाचर मारून फोडायची. करवत रेषा तोडते, पाचर रेषेतून जाते. फोडलेल्या पट्टीत धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतो, म्हणून ती बारीक असूनही मातीचं वजन पेलते.

लाकडाचं विचारलंत. किलचांना जुन्या सागाच्या फाटी घ्या, साग सरळ फुटतो. बाभळ कणखर, पण गाठाळ, फोडताना आडवी जाते. कड्यांना बाभळ चालेल, मात्र ताजी तोडलेली नको. पूर्वी बाभळीचे सोट महिनोन्‌महिने विहिरीत किंवा तळ्यात बुडवून ठेवत, म्हणजे त्यातला रस निघून जाई आणि किडा लागत नसे. तेवढा वेळ नसेल तर उतरवलेल्या वाड्यांचं जुनं सागवान वखारीत मिळतं, तेच घ्या. जे हलायचं, तडकायचं ते सगळं त्याचं होऊन गेलेलं असतं.

तुळजापूरवेस | ११ मार्च, सकाळी १०.१५

मी म्हणेन माती बदलून वर सिमेंटचा कोबा करा. गळती कायमची बंद. आमच्या काकांनी केलाय.

निवृत्त_बांधकाम | ११ मार्च, सकाळी ११.००

तुळजापूरवेस, विनंती करतो, हा सल्ला नको. मातीचं माळवद श्वास घेतं. पावसात वरचे दोन-तीन इंच भिजतात आणि ऊन पडलं की ती ओल वरूनच उडून जाते. वर कोबा घातला तर उन्हात तो तडकतो, खालची माती वेगळी हलते, तो वेगळा हलतो. त्या भेगांतून पाणी आत जातं आणि मग त्याला वर यायला वाट राहत नाही. ते खाली लाकडात जातं. कोब्याखाली कुजलेल्या तुळया मी स्वतः उतरवल्यात. काकांचा कोबा किती वर्षांचा आहे?

तुळजापूरवेस | ११ मार्च, सकाळी ११.२५

दोन पावसाळे झालेत. आजच काकांना सांगून दाभण लावून बघायला लावतो.

साण्यातलं_ऊन | ११ मार्च, रात्री १०.४०

विषय थोडा सोडून लिहिते, माफ करा. माळवद म्हटलं की आमच्या आजोळच्या साण्यातून, म्हणजे माळवदात उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, पडणारा उन्हाचा गोल आठवतो. तो चुलीपाशी आला की आजी भाकरी टाकायला बसायची, उतरंडीवर चढला की जनावरं परत यायची वेळ. घड्याळ होतं घरात, पण तिनं कधी बघितलं नाही. रात्री आम्ही सगळी भावंडं माळवदावर झोपायचो. माती दिवसभर तापलेली असायची, पहाटे गार व्हायची आणि आम्ही एकाच वाकळेत ओढाओढ करायचो. ते घर आता नाही. तुमचं वाचवताय म्हणून दोन ओळी लिहाव्या वाटल्या.

होटगीरोडकर | १२ मार्च, सकाळी ७.३०

साण्यातलं ऊन, काल रात्री हे वाचलं आणि झोप आली नाही. आमच्याकडंही साणं होतं. पाऊस आला की त्यावर परात पालथी घालायचं काम माझं.

बाळीवेस_आतलं_घर | १८ मे, रात्री ९.१०

उशिरा लिहितोय, पण काम झालं म्हणून लिहितोय.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केलं. ताईंचे अप्पा आणि त्यांच्याबरोबर तीन माणसं, एकूण पाच दिवस. पहिल्या दिवशी फक्त टेकू. वरून सात बाय पाच फूट उघडलं. पांढरी माती पोत्यांत भरून, चाळून ठेवली. अप्पांनी चिमूटभरही बाहेर टाकू दिली नाही. म्हणाले, गावठाणातली शंभर वर्षं मुरलेली माती आहे, शेतातली काळी घातली तर भिजून फुगेल आणि सुकून भेगाळेल, ती छपराच्या कामाची नाही.

उघडल्यावर दिसलं की टाकीच्या नेमक्या खाली पाला नावाला उरला नव्हता, काळा चिखल होता. त्याच्या हातभर पलीकडं तोच जुना लिंबाचा पाला पानाच्या शिरा दिसाव्यात इतका कोरडा. बदललेल्या किलचा शेवटी अडतीस झाल्या. अप्पांनी सगळ्या वखारीतल्या जुन्या सागाच्या, पाचरीनं फोडून केल्या.

कड्यांचं वेगळं ठरलं. दोन्ही मधे एकदम चांगल्या निघाल्या, भिंतीतली टोकंच गेली होती. त्या काढल्याच नाहीत. कुजलेला भाग कापला आणि प्रत्येकीच्या अंगाला जुन्या सागाची जोडकडी लावून बोल्टांनी आवळली. नव्या कडीचं टोक भिंतीतल्या दगडावर टेकवलंय. काकांनी फोनवर बजावल्याप्रमाणे टोकाभोवती सिमेंट भरलं नाही, अर्धा इंच मोकळी जागा सोडलीय, वारा लागावा म्हणून.

माजघरातली फळी मी स्वतः काढली. चिरफळ्या केल्या, पात्याला चिकटपट्टी गुंडाळली, सात खिळे कापले. शेजारच्या फळ्यांना ओरखडासुद्धा नाही. अटलांटिककाठी, तुमची आठवण काढत कापले.

माती परत घालताना थराथरानं चोपली, शेवटचा हात शेण आणि भुशाच्या काल्याचा. उतार पन्हाळाकडं नीट काढला. टाकी आता परसात लोखंडी चौकटीवर, जमिनीवर उभी आहे. परवा वळीव झाला, तासभर चांगला झोडपला. मी टॉर्च घेऊन देवघरात उभा होतो. एक थेंब नाही. आई कालपासून परत तिच्या जागेवर झोपतेय.

सुताराची_लेक | १८ मे, रात्री ९.४०

अप्पांना वाचून दाखवलं. डोळे पुसले आणि विचारलं, खालून कड्यांना तेल दिलं का?

बाळीवेस_आतलं_घर | १८ मे, रात्री ९.५५

या रविवारी देणार आहे. जवसाचंच ना? कच्चं की उकळलेलं?

सुताराची_लेक | १८ मे, रात्री १०.१०

उकळलेलं, कच्चं लवकर सुकत नाही. पातळ हात द्या, एक सुकल्यावर दुसरा. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेतात, हा उन्हाळा तर बघताच आहात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा.

होटगीरोडकर | १९ मे, सकाळी ६.४५

मोहोळला चुलतभावाच्या वाटणीचं अर्धं माळवद अजून उभं आहे. तोही स्लॅबचं बोलतोय. रविवारी मी दाभण घेऊन जातोय. ताई, अप्पांना जूनच्या आधी एक दिवस जमेल का, नुसतं बघायला?

सुताराची_लेक | १९ मे, सकाळी ७.०५

जमेल. तुमच्याकडं वर टाकी आहे का ते मात्र आधी बघून ठेवा.